चुकांची उघडी वही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)





आपण मला येथे बोलावलेत याबद्दल मी संस्थेचा मनापासून आभारी आहे. संगणकाविषयी काही सांगा, असा निरोप मला आला. संगणक किती वेगाने चालतो आणि तो शिकल्याने किती पगाराची नोकरी लागते, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज आपल्यापुढे एका वहीविषयी बोलणार आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली हजारो माणसे मिळून जे सॉफ्टवेअर तयार करतात, त्यात काय बिघडले आहे आणि नवे काय हवे आहे, याची नोंद या वहीत होते. जाणकार तिला बग ट्रॅकर किंवा इश्यू ट्रॅकर म्हणतात. मी तिला चुकांची उघडी वही म्हणतो.

या वहीचे महत्त्व मला पुस्तकातून कळले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका कचेरीत हिशेबाच्या प्रोग्रामवर काम करीत होतो. महिन्याचा शेवट ३१ तारखेला आला की व्याजाची रक्कम थोडी चुके. माझ्या ते ध्यानात आले. शेजारच्या टेबलावरील ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी सांगितले. ते म्हणाले, "बघतो." बोलणे चहाबरोबर संपले. पुढे ते नोकरी सोडून गेले, मीही दुसऱ्या कामाला लागलो. दीड वर्षाने तीच चूक एका ग्राहकाने आणून दाखवली. तिचे मूळ शोधण्यासाठी आम्ही तिघे जण आठवडाभर खपलो. तिसऱ्या दिवशी मला आठवले की ही चूक तर मला ठाऊक होती! मित्रहो, चूक सापडलेली होती, पण तिची नोंद झालेली नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर नोंद न होण्याचे कारण आळस नव्हता. लिहून ठेवले तर "ही कोणाची चूक?" हा प्रश्न आधी निघेल, याची भीती होती. आजच्या माझ्या बोलण्याचे सारे सार या एका अनुभवात आहे.

आता ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. प्रोग्राम लिहिणारा माणूस जी अक्षरे लिहितो तिला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या हा कोड कुलपात ठेवतात आणि त्यातून तयार झालेला प्रोग्राम तेवढा विकतात. शिवलेला कुर्ता मिळाला, पण शिवण उसवून पाहण्याची बंदी, असा तो प्रकार. मुक्तस्रोतात कापडाचे बेतही आपल्या हाती देतात. पाहा, शिका, बदल करा, आणि परवान्याच्या अटी पाळून दुसऱ्यालाही द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेथून ही चळवळ आकाराला आली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ साली रूढ झाले. आज आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्या प्रत्येकाच्या खिशात लिनक्स नावाचा मुक्तस्रोत गाभा आहे.

या लिनक्सचा जन्मच मुळी एका प्रश्नातून झाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक जाहीर पत्र लिहिले. मी हौसेखातर एक संगणकप्रणाली करतो आहे. सध्याच्या मिनिक्स या प्रणालीत तुम्हाला काय आवडते, काय आवडत नाही, आणि कोणत्या सोयी हव्याशा वाटतात, असे त्याने विचारले. सूचनांचे स्वागत आहे, पण त्या अमलात आणीनच असे वचन देत नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगून टाकले. आजच्या साऱ्या नोंदवह्यांचा स्वभाव या एका पत्रात आला आहे. विचारावयाचे सर्वांना, ऐकावयाचे सर्वांचे, आणि करावयाचे ते विचार करून.

चूक लिहून ठेवण्याची चाल मात्र याहून जुनी आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, आजोबा जहाजावर नोकरीला होते. इंजिनखान्यातील लॉगबुक त्यांना ठाऊक असेल. ज्या पाळीत दोष दिसला त्या पाळीने तो लिहावयाचा, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस अंधारात राहत नाही. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या लॉगबुकात अशीच एक नोंद झाली. यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकला होता. यंत्र चालवणाऱ्यांनी तो काढून चिकटपट्टीने वहीच्या पानावर चिकटवला आणि खाली नोंद लिहिली. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची. पण येथे खराच किडा निघाला. ते पान आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवले आहे. चुकीचे पान जपून ठेवावे, ही गोष्टच विचार करण्यासारखी आहे.

मुक्तस्रोतवाल्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी ही वही सर्वांसाठी उघडी केली. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात १९९४ पासून अशी नोंदपद्धती आहे. १९९७ साली त्यांनी आपल्या वापरणाऱ्यांशी एक सामाजिक करार जाहीर केला. दोष आम्ही लपवणार नाही, दोषांची सगळी नोंद लोकांना नेहमी पाहता येईल, अशा आशयाचे कलम त्यात आहे. विचार करा, आपल्या मालातील खोट गिऱ्हाइकाला आपणहून दाखवण्याचे हे लेखी वचन! १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, तेव्हा टेरी वाइसमन यांनी लिहिलेली बगझिला ही नोंदपद्धतीही लोकांना मिळाली. २००८ साली गिटहब आले आणि अशी वही ठेवणे कोणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

या वहीतील एका नोंदीचा प्रवास कसा होतो? समजा, एका मुलीला आढळले की अमुक प्रोग्रामात मराठी मजकूर छापावयास दिला की जोडाक्षरे तुटतात. ती नोंद करते. नोंदीला क्रमांक मिळतो. आता ती तोंडी तक्रार राहिली नाही, तिला नाव-गाव मिळाले. मग प्रकल्पातील कोणी तरी ती वाचून पाहतो. तोच दोष आधी कोणी लिहिला असेल तर दोन्ही नोंदी जोडतो. दोष खरा असेल तर त्याची गंभीरता ठरते. एखादा कार्यकर्ता तो अंगावर घेतो. दुरुस्ती झाली की कोडमधील बदलाशेजारी नोंदीचा क्रमांक लिहितात. दुसरा माणूस ती तपासतो, आणि नोंद बंद होते. बंद होते, पण पुसली जात नाही. दहा वर्षांनी आलेल्या माणसालाही ही ओळ येथे का लिहिली, कोणाच्या अडचणीसाठी लिहिली, हे वाचता येते.

नव्या सोयींची मागणीही याच वहीत येते आणि तिलाही क्रमांक मिळतो. पुष्कळ मागण्यांना "नाही" असे उत्तर मिळते. पण नकाराचे कारण लिहिलेले असते, आणि ज्याला ते पटले नाही त्याला वाद घालण्याची मुभा असते. कधी कधी या वहीत ध्येयही लिहिले जाते. उबंटू या प्रणालीचे प्रवर्तक मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली पहिल्या क्रमांकाचा दोष म्हणून काय लिहिले? बाजारावर एकाच मोठ्या कंपनीचे वर्चस्व आहे, हाच पहिला दोष! फोन आणि टॅबलेटमुळे चित्र बदलले, तेव्हा २०१३ साली त्यांनी ती नोंद स्वतः बंद केली.

ज्याला हा सारा व्यवहार दुरून पाहावयाचा आहे, त्यानेही दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. पहिली म्हणजे आवृत्तीचा क्रमांक वाचणे. ३.४.२ असा क्रमांक असेल तर पुष्कळ प्रकल्पांत त्याचा संकेत ठरलेला असतो. शेवटचा अंक वाढला तर फक्त दुरुस्त्या झाल्या. मधला वाढला तर नव्या सोयी आल्या. पहिला वाढला तर जुने काही मोडण्याचा संभव आहे, सावध राहावे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक आवृत्तीबरोबर येणारी बदलांची यादी. आपण फोनवर "अपडेट" असे दिसले की डोळे मिटून बोट लावतो. ती यादी दोन मिनिटे वाचण्याची सवय लावली तर यंत्र आपल्या ताब्यात राहते.

मंडळी, आतापर्यंत मी गुणच सांगितले. पण वही उघडी असली म्हणजे सारे आपोआप सुरळीत होते, असे मात्र नाही. दोन उदाहरणे सांगतो.

लॉग४जे नावाचे एक साधन आहे. दुसऱ्या प्रोग्रामांत काय घडले याची नोंद ठेवणे, एवढेच त्याचे काम. २०१३ साली त्याच्या वहीत एका नव्या सोयीची मागणी आली. मागणाऱ्याने कोडही लिहून दिला होता. सोय चांगली दिसली, स्वीकारली गेली. २०२१ च्या नोव्हेंबरात अलिबाबा कंपनीच्या एका सुरक्षातज्ज्ञाने कळवले की या सोयीचा फायदा घेऊन परका माणूस दुसऱ्याच्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शकतो. डिसेंबरात ही गोष्ट जगजाहीर झाली आणि सरकारे, बँका, कंपन्या, सर्वांची झोप उडाली. दोषाच्या गंभीरतेला दहापैकी दहा गुण मिळाले. पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली, पाठोपाठ आणखी कराव्या लागल्या. ज्या मोजक्या स्वयंसेवकांनी त्या दिवसांत रात्रीचा दिवस केला, त्यांच्यापैकी एकाने सांगितले की ही सोय आम्हालाही आवडत नव्हती, पण जुन्या वापरणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून ठेवावी लागली होती. येथे वही उघडी होती, नोंदही होती. पण तिच्यामागे विचारणारे डोळे पुरेसे नव्हते. सोय मागताना "याचा गैरवापर कसा होईल?" हा प्रश्न विचारणारा माणूस लागतो. वही त्याचे काम करीत नाही.

दुसरे उदाहरण २०२४ सालचे. एक्सझेड हे फायली लहान करण्याचे साधन. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षे फावल्या वेळात सांभाळत होते. २०२२ च्या सुमारास काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर दडपण सुरू झाले: कामे मागे पडली, बदल लवकर का होत नाहीत, दुसऱ्याच्या हाती का देत नाही? मानसिक स्वास्थ्य बरे नाही आणि हे काम बिनपगारी आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्याच काळात जिया तान या नावाने कोणी तरी मोठ्या मदतीचा हात पुढे करीत होते. हळूहळू विश्वास बसला, अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आरंभी त्या माणसाने नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांना खटकले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या. त्यांनी मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व पुरावा जाहीर केला. कोड उघडा होता म्हणूनच त्यांना तळापर्यंत जाता आले.

या दोन गोष्टींतून मला दिसते ते असे. उघडी वही ही अमानत आहे. तिच्यात मागणाऱ्यांची गर्दी आणि काम करणारा एकटा, अशी स्थिती झाली की ती वही त्या एकट्याच्या गळ्याचा फास होते. जो फुकट वापरतो त्याने निदान सभ्यपणे मागावे आणि जमेल तेवढा हातभार लावावा. सुरक्षेचा दोष सापडला तर तो चव्हाट्यावर न मांडता आधी प्रकल्पाच्या माणसांना खाजगीत कळवण्याची रीत आहे. दुरुस्तीला वेळ देऊन मग तो जाहीर करतात. म्हणजे उघडेपणालाही विवेक हवा.

येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना इस्नाद हा शब्द समजावून सांगावयास नको. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक कथनाबरोबर ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी जपली. अस्मा-उर-रिजाल या शास्त्रात कथन करणाऱ्यांची सचोटी आणि स्मरणशक्ती यांचीही छाननी केली. साखळी दुबळी असेल तर तसा स्पष्ट शेरा मारला: जईफ. धर्माच्या गोष्टीची बरोबरी यंत्राशी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सांगावयाचे इतकेच की कोणी सांगितले, कशावरून सांगितले आणि त्यात उणीव काय, हे लिहून ठेवण्याची शिस्त आपल्याला परकी नाही. ती आपल्या घरातली आहे.

आता आपल्या भाषांकडे पाहा. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द मराठी माणसाला वेगळे दिसले पाहिजेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. उर्दूची नस्तालीक लिपी तर तिरकी उतरत येते, अक्षरांवर अक्षरे चढतात, नुक्ते एकमेकांवर आदळतात. ती पडद्यावर नीट दाखवणे हे कसबाचे काम आहे. नोटो नस्तालीक उर्दू हा मुक्त परवान्याचा फाँट उपलब्ध आहे आणि त्याच्या दोषांची वहीही उघडी आहे. परदेशातील अभियंता कितीही हुशार असला तरी कोणता नुक्ता चुकला हे त्याला कळणार कसे? ते कळेल आपल्या शाळेत सकाळी उर्दू आणि दुपारी मराठी वाचणाऱ्या मुलीला. तिने ते लिहून कळवले नाही तर ते तसेच राहील.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या कामात शिरण्यासाठी ओळख, शिफारस किंवा बड्या कॉलेजचा दाखला लागत नाही. एक चांगली नोंद लिहिता आली पाहिजे. चांगली नोंद म्हणजे काय? कोणती आवृत्ती वापरली, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हावयास हवे होते, काय झाले. मी स्वतः पहिली नोंद लिहिली ती अवघी दोन शब्दांची होती: "चालत नाही." दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "काय चालत नाही?" मला राग आला. मग वाटले, डॉक्टरकडे जाऊन नुसते "दुखते" म्हणून कसे चालेल? दुसऱ्यांदा मी सविस्तर लिहिले आणि चार दिवसांत दोष दूर झाला. नोंद लिहिण्याआधी तीच नोंद कोणी केली आहे का, ते शोधा. भाषा सौम्य ठेवा. आणि जे स्वतः करून पाहिले नाही ते लिहू नका. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ऐटबाज पण खोट्या दोषांची पत्रे लिहवून घेणारे निघाले आहेत. कर्ल या साधनाचे निर्माते डॅनियल स्टेनबर्ग २०२४ सालापासून याविषयी जाहीरपणे तक्रार करीत आले आहेत. खोटी नोंद खऱ्या माणसाचा वेळ खाते, आणि तोही गुन्हाच आहे.

शिक्षक बंधु-भगिनींना एक उदाहरण देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांनी पुस्तके जुळवण्यासाठी टेक नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यातील आपल्या चुकांची त्यांनी वर्षानुवर्षे टाचणे ठेवली आणि १९८९ साली ती छापूनही काढली. त्यांच्या पुस्तकात पहिल्यांदा चूक दाखवील त्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक देत. लोक तो चेक वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. उस्तादाची चूक दाखवणे हा शागिर्दाचा सन्मान ठरला, आणि उस्तादाची इज्जत तिळभरही कमी झाली नाही. आपल्या वर्गात गणित फळ्यावर चुकले तर हात वर करण्याची छाती किती मुलांना होते?

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. या स्मरणिकेत निकालाची टक्केवारी येईल, नव्या इमारतीचे छायाचित्र येईल, देणगीदारांची यादी येईल. ते सारे योग्यच आहे. पण शाळेच्या कचेरीबाहेर एक वही टांगून ठेवा. पाण्याचा नळ गळतो, प्रयोगशाळेतील तराजू चुकतो, मुलींसाठी वाचनालय संध्याकाळी उघडे हवे, असे ज्याला जे दिसेल ते त्यात लिहू द्या. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या. झाले तर तारीख घाला, जमत नसेल तर कारण लिहा. आणि लिहिणाऱ्याला "तू कोण?" असे विचारू नका. पुढच्या वर्षी स्मरणिकेत तीतील एक पान छापा: किती नोंदी आल्या, किती बंद झाल्या, किती राहिल्या. देणगीदार त्यामुळे दुरावणार नाहीत. ज्या घरात हिशेब उघडा असतो तेथे माणूस निर्धास्तपणे पैसा ठेवतो.

माझ्या त्या जुन्या कचेरीत अशी वही असती तर एक तरुण मुलगा दीड वर्ष एक चूक मनात घेऊन वावरला नसता. आपल्या मुलामुलींवर ती पाळी येऊ नये, त्यांना सत्य दिसावे, ते लिहिण्याची हिंमत मिळावी आणि दुसऱ्याने लिहिलेले शांतपणे ऐकण्याचा सबूर मिळावा, अशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय महाराष्ट्र.